जुनी लेन्स दुकानातून घ्यावी की ऑनलाइन?

जवळचा कॅमेरा विकून परदेशी जावे का, आणि तिकडे जुने सामान घ्यायचे झाल्यास ते दुकानातून घ्यावे की ऑनलाइन, असे तुम्ही विचारले आहे. व्हिसाचे आणि सामानाच्या वजनाचे नियम अधिकृत ठिकाणी मिळतीलच. मी माझ्यावर गुदरलेले तेवढे लिहितो.

निघताना मी वडिलांची पन्नास मिलिमीटरची निकॉन लेन्स विकली, कारण तिकडे सगळे स्वस्त मिळते असे ऐकले होते. तिचा एफ माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जिथे जोडते ती खोबण, १९५९ सालापासूनचा. निकॉनच्या नव्या मिररलेस झेड बॉडीत (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यात) आरसा नसल्याने माउंट आणि सेन्सर यांतले अंतर ४६.५ वरून १६ मिलिमीटरवर आले आहे, त्यामुळे मधल्या जागेत अडॅप्टर, म्हणजे जोडकडे, बसतो आणि जुनी लेन्स चालते, फोकस तेवढा हाताने करावा लागतो. हे मला विकल्यानंतर कळले. बॉडी खुशाल विका, लेन्स विकू नका.

तिकडे पहिली लेन्स ऑनलाइन घेतली. ती स्वस्त होती, पण त्याहून मोठे कारण हे की काउंटरपलीकडच्या माणसाशी तोडक्यामोडक्या भाषेत बोलण्याचा धीर मला होत नव्हता. फोटोत काच स्वच्छ दिसत होती. हातात आल्यावर मागून मोबाइलचा टॉर्च धरला तेव्हा कडेपासून आत पसरलेले, कोळिष्टकासारखे बुरशीचे तंतू दिसले. अशी बुरशी काचेवरचा लेपही खाते. परतीसाठी विक्रेत्याने फोटो मागितले, पुन्हा तेच फोटो मागितले, मग पत्त्याचा पुरावा. घराचा करार माझ्या नावावर नसल्याने तोही अपुरा ठरला. सात आठवड्यांनी मी नाद सोडला, पण त्या पत्रव्यवहारात आपण इथे कोणीच नाही असे जे वाटले, ते अजून पुरते गेलेले नाही.

म्हणून पहिली खरेदी दुकानातच करा. स्वतःचे मेमरी कार्ड न्या. बॉडी घेताना ॲपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाशाचे छिद्र, एफ १६ इतके बारीक करून कोऱ्या भिंतीचा फोटो काढला की सेन्सरवरची धूळ ठिपक्यांसारखी उमटते. ॲपर्चरच्या पात्यांवर तेल आहे का, माउंटच्या स्क्रूंवर ओरखडे आहेत का, तेही पाहा. ओरखडे असतील तर लेन्स बहुधा कोणीतरी उघडलेली असते. एवढे पाहायला अर्धा तास दुकानदाराशी बोलावे लागते, आणि त्या दिवसांत इतका वेळ माझ्याशी दुसरे कोणीही बोलले नव्हते. ऑनलाइन घ्यायचेच असेल, तर परतीची मुदत लेखी असेल तरच घ्या आणि बॉडीचा शटर काउंट, म्हणजे तिने आजवर किती फोटो काढले तो आकडा, आधी विचारा.

तसलीच दुसरी लेन्स मी पुढे दुकानातून घेतली. फोकसची रिंग तशीच जड फिरते. वडिलांच्या बोटांनी पुसट झालेले अंतराचे आकडे मात्र हिच्यावर ठसठशीत आहेत.