साहेब श्रेय स्वतः घेतात, चुका माझ्यावर ढकलतात. काय करावं?

आजपासून नोंद ठेवायला लागा. तोंडी काम सांगितलं की तासाभरात दोन ओळींचा ईमेल टाका: ‘ठरल्याप्रमाणे अमुक काम शुक्रवारपर्यंत देतो, काही बदल असल्यास कळवा.’ यात आरोप नाही, भांडण नाही; पण उद्या ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ म्हणायची सोय उरत नाही. मी हे फार उशिरा सुरू केलं. आधीच्या दोन वर्षांचा माझ्याकडे एकही पुरावा नव्हता.

चारचौघांत अपमान झाला तर तारीख, नेमके शब्द, समोर कोण होतं हे स्वतःच्या वहीत लिहा. कंपनीच्या लॅपटॉपवर नको, नोकरी सुटली की तो त्याच दिवशी परत जातो. एचआरकडे जा, पण लेखी तक्रार घेऊनच.

झोप उडाली असेल, सकाळी निघताना छातीत धडधडत असेल तर डॉक्टरांना दाखवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजार व आरोग्य-समस्यांच्या यादीत बर्नआउटचा, म्हणजे कामाने पार थकून जाण्याचा, संबंध कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळच्या ताणाशी जोडला आहे. तो तुमचा कमकुवतपणा नव्हे.

दुसरी नोकरी शोधायला आत्ताच लागा. ऑफर लेटर हातात येईपर्यंत राजीनामा नको. तब्येतच ढासळत असेल तर मात्र थांबू नका.