दादाला खरं सांग, मग ह्युमरस हातात घे

‘ताई, मी साक्री तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग बारावी सायन्स, आता बी.फार्मच्या पहिल्या वर्षाला आहे. हॉस्टेलवर राहते. पहिल्या सेमिस्टरला ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीत, म्हणजे शरीराची रचना आणि काम या विषयात, बॅक लागला, थिअरीत १०० पैकी ३८. प्रॅक्टिकल कसंबसं निघालं. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, सरांनी हाड हातात दिलं आणि विचारलं, डावं की उजवं? ते ह्युमरस, म्हणजे दंडाचं हाड, आहे एवढंही मला सांगता आलं नाही. रात्री दोन-दोनपर्यंत जागून चार रंगांच्या पेनांनी नोट्स काढल्या होत्या, पण पेपर हातात आला आणि सगळं पुसलं गेलं. रूममेट नाशिकची, इंग्लिश मीडियमची. तिचं एकदा वाचलं की पाठ होतं. माझा दादा सुरतला लूमवर आहे, फी तोच भरतो. त्याला मी “पास झाले” असं सांगितलंय. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तो घरी येणार आहे. मला झोप लागत नाही. कधी वाटतं, हे माझ्या डोक्यात बसणारच नाही, सगळं सोडून कुठेतरी निघून जावं.’

पोरी,

शेवटचं वाक्य तू घाईघाईत लिहून टाकलंयस, पण मी सुरुवात तिथूनच करते. झोप न लागणं आणि निघून जावंसं वाटणं, ही दोन्ही एकत्र आली की त्यांच्याकडे काणाडोळा करायचा नसतो. रात्री तो विचार पुन्हा आला तर रूममेटला उठव. तिच्याशी तू स्वतःला सारखी तोलत राहतेस, म्हणून ती तुला लांबची वाटते. शेजारच्या खाटेवरची मुलगी रडतेय म्हटल्यावर ती उठून बसेल. तिच्याशी बोलवत नसेल तर १४४१६ लाव. ही टेलि-मानसची सरकारी सेवा आहे. पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं. असा फोन करण्यात कमीपणा नाही.

आता निकाल. पासाला सेशनल, म्हणजे कॉलेजातल्या अंतर्गत परीक्षेचे मार्क, धरून ५० लागतात, तुला ३८ आहेत. म्हणजे १२ मार्कांनी राहिलीस. बी.फार्मच्या नियमाप्रमाणे पहिल्या सेमिस्टरचे राहिलेले विषय सोबत घेऊन चौथ्या सेमिस्टरच्या परीक्षेपर्यंत पुढे जाता येतं. पाचव्यात बसण्याआधी मात्र पहिल्या दोन्ही सेमिस्टरचं सगळं सुटलेलं असावं लागतं. तेव्हा तुझं वर्ष गेलेलं नाही, वेळ आहे. सेशनलचे मार्क कमी पडले असतील तर ते सुधारायची संधी एकदाच मिळते. ती कधी घ्यायची ते मॅडमना विचारून ठरव, उगाच घाईने वापरून टाकू नकोस.

दादाशी तू खोटं बोललीस, हे मी झाकणार नाही. का बोललीस तेही कळतं. लूमच्या खडखडाटात पाळ्या करून जो फी पाठवतो, त्याला फोनवर ‘नापास’ म्हणायला जीभ वळली नाही. पण हे खोटं आता तुझ्या अभ्यासाच्या टेबलावर येऊन बसलंय. पुस्तक उघडलं की आधी तेच दिसतं, आणि झोप उडाली तीही बहुतेक त्याच्यामुळे. बॅक गुणपत्रिकेवर येतो. आज ना उद्या तो दादाच्या डोळ्यांसमोर जाणारच, तर तुझ्या तोंडून जाऊ दे.

आखाजीच्या दिवशी नको. त्या दिवशी घर माहेरवाशिणींनी भरलेलं, झोके, गाणी, सांजोऱ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेताकडे निघाला की तू सोबत जा आणि बांधावर पोचायच्या आत बोल: ‘दादा, मी तुझ्याशी खोटं बोलले. ॲनाटॉमीत राहिले. पुन्हा परीक्षा आहे, आणि या वेळी अभ्यास कसा करणार ते मी ठरवलंय.’ एवढं म्हण आणि गप्प बस. तो रागावेल. मार्कांपेक्षा खोटेपणाचा राग जास्त असेल, तो ऐकून घे. मायला वकील करून पुढे पाठवू नकोस. आणि दादाने ‘कसा करणार?’ असं विचारलं, तर उत्तर तुझ्याजवळ तयार हवं. ते तयार करायला मी मदत करते.

चार रंगांच्या नोट्स बंद कर. मेहनत तू भरपूर केलीस, पण पुस्तक उघडं ठेवून उतरवताना हात चालतो आणि डोकं बसून राहतं. वाचलेलं ओळखीचं वाटतं, म्हणून आलं असं वाटतं. परीक्षेत मात्र कोऱ्या कागदावर स्वतःच काढावं लागतं, आणि ती सवय कधी झालेलीच नसते. म्हणून सरावही कोऱ्या कागदावरच कर. वही मिट आणि एका लाल पेशीच्या मागे चालत जा. व्हेना केव्हा या मोठ्या शिरेतून उजव्या एट्रियममध्ये, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यात, ट्रायकस्पिड झडपेतून उजव्या व्हेंट्रिकलमध्ये, म्हणजे खालच्या कप्प्यात, तिथून पल्मनरी आर्टरीने फुप्फुसात. फुप्फुसातून पल्मनरी व्हेनने डाव्या एट्रियममध्ये, मायट्रल झडपेतून डाव्या व्हेंट्रिकलमध्ये, आणि मग एओर्टा, अंगभर रक्त नेणारी मुख्य धमनी. जिथे पेन अडेल तिथे लाल फुली मार, पुस्तक उघडून तेवढंच बघ, पुन्हा मिट. असं चाललं की पल्मनरी आर्टरीत ऑक्सिजन कमी असलेलं रक्त आणि पल्मनरी व्हेनमध्ये ऑक्सिजन घेतलेलं रक्त, ही जी गोष्ट सगळ्यांना उलटी वाटते, ती तुला वेगळी पाठ करावी लागणार नाही.

हेच मग आजीसमोर बसून अहिराणीत सांग, ‘रगत आठे येस, मंग तठे जास’ असं बोट ठेवून. आजीने मध्येच ‘कसाले?’ विचारलं आणि तुला सांगता आलं नाही, तर तो भाग अजून कच्चा आहे. विषय समजून घ्यायची भाषा कोणतीही चालते. त्यासाठी इंग्रजीची वाट बघत बसू नकोस.

तू साक्रीची आहेस, पांझरा नदीवरचे फड, म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावर भिजणारे शेतांचे गट, मी तुला सांगायला नकोत. बंधाऱ्याचं पाणी पाटात, पाटातून चाऱ्यांत, आणि कोणत्या फडाला किती वेळ पाणी सोडायचं ते पाटकरी बघतो. एओर्टा हा पाट, आर्टरी या चाऱ्या. पाटकऱ्याचं काम आर्टेरिओल, म्हणजे आर्टरीच्या बारीक फांद्या, करतात. त्यांच्या भिंतीतला स्नायू आवळला की पुढे जाणारं रक्त घटतं, सैल पडला की वाढतं. जेवण झालं की आतड्याकडे जास्त सुटतं. मे महिन्यात धुळ्याच्या उन्हात उभी राहिलीस की कातडीकडे जास्त सुटतं, तोंड लाल होतं, घाम येतो आणि तो वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. कॅपिलरी, म्हणजे केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या, हे वाफे. ऑक्सिजन, साखर, टाकाऊ पदार्थ, सगळी देवघेव तिथे. पण फडात मुरलेलं पाणी बंधाऱ्यात परत येत नाही, रक्ताला हृदयाकडे परत यावंच लागतं, आणि पायातून वर चढायचं तर व्हेनमधल्या झडपा आणि पोटरीच्या स्नायूंचा दाब लागतो. व्हीनस रिटर्नचा, म्हणजे रक्त हृदयाकडे परत येण्याचा, प्रश्न नेमका इथला असतो, तेव्हा उदाहरण इथे सोडून दे आणि पुस्तकातलं नीट वाच.

आता ते हाड. कॉलेजच्या लॅबमध्ये ह्युमरस मागून घे, सुट्टीच्या वेळी शिपाईमामा देतील. गोल डोकं वरच्या बाजूला धर. त्या डोक्याचं तोंड आत, म्हणजे धडाकडे कर. खालच्या टोकाला एक खोल खड्डा दिसेल, ओलेक्रॅनन फोसा, तो मागच्या बाजूला ठेव. या तीन गोष्टी जुळल्या की हाड तुझ्या एकाच दंडाशी जुळतं. ज्या दंडाशी जुळलं ती त्याची बाजू. आता स्वतःचं कोपर चाचप. आतल्या बाजूला जो उंचवटा लागतो तो मीडियल एपिकॉन्डाइल. त्याच्या मागून अल्नार नर्व्ह जाते. कोपर दाराला आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात त्या हिच्याच. मग हाडाच्या मधल्या भागावर मागून बोट फिरव, तिरकी उथळ खाच लागेल. तिथून रेडियल नर्व्ह जाते. म्हणून दंडाचं हाड मध्यात मोडलं तर मनगट वर उचलता न येण्याची भीती असते. व्हायवाला हाड हातात आलं की लगेच उत्तर देऊ नकोस, आधी ते आपल्या दंडाला लावून बघ. त्यात काही गैर नाही. बाकीची हाडंही अशीच शिक. कॉलर बोन, बरगड्या, गुडघ्याची वाटी, सगळं अंगावरच आहे, हॉस्टेलवर बसून तपासता येतं.

‘मला गोळ्यांचं शिकायचं होतं, हाडं-नसा कशाला?’ असं तू लिहिलेलं नाहीस, पण बी.फार्मच्या पोरांच्या मनात ते असतं, म्हणून सांगते. औषध पेशीवर जिथे जाऊन बसतं त्या जागेला रिसेप्टर म्हणतात. हृदयावर प्रामुख्याने बीटा-वन रिसेप्टर असतात आणि श्वासनलिकांच्या स्नायूवर बीटा-टू. प्रोप्रॅनोलॉल दोन्ही अडवतं. हृदयाचे ठोके कमी करायला दिलेली ही गोळी दम्याच्या माणसाने घेतली तर त्याची छाती आवळू शकते. उद्या काउंटरवर चिठ्ठी हातात घेऊन उभी असशील तेव्हा ही गोष्ट तुला माहीत हवी. आणि आपल्या शेजारी, नंदुरबारच्या सातपुड्यातल्या पाड्यांवर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण आहेत. साधी लाल पेशी साधारण १२० दिवस टिकते, सिकलसेलमध्ये ती १०-२० दिवसांत मोडते. त्यावर दिलं जाणारं हायड्रॉक्सीयुरिया गर्भातल्या प्रकारचं हिमोग्लोबिन वाढवतं. रक्ताचा धडा आला नाही तर हे औषध कशासाठी, हे तू त्या माणसाला समजावणार कशी? मला या विषयाची एवढी कळकळ वाटते ती यासाठी.

पेपरचं सांगते. ७५ मार्क, तीन तास; शंभरातले उरलेले २५ कॉलेजातले अंतर्गत. २० मार्क वस्तुनिष्ठ प्रश्नांचे, तीनपैकी दोन मोठे प्रश्न प्रत्येकी १०, आणि नऊपैकी सात छोटे प्रश्न प्रत्येकी ५. म्हणजे छोट्या प्रश्नांचेच ३५ होतात. मोठ्या प्रश्नांच्या धास्तीत मुलं हे विसरतात. प्रत्येक छोट्या प्रश्नाला नावं घातलेली आकृती आणि सहा-सात वाक्यं. इंग्रजी वाक्य छोटं लिही, एका वाक्यात एकच गोष्ट, पुस्तकातली लांबलचक वाक्यं पाठ करायला जाऊ नकोस. परीक्षक शब्द बरोबर आहे का, क्रम बरोबर आहे का, हे बघतो. भाषेचा डौल कोणी मागत नाही. स्पेलिंगसाठी मात्र वेगळी वही कर, रोज थोडे शब्द न बघता लिही. आणि रूममेटशी सौदा कर. तू तिला हाडं हातात देऊन शिकव, तिने तुझी इंग्रजी वाक्यं तपासावीत. तिचं पाठ झालेलं पेपरपर्यंत टिकतं का, हेही तिला तेव्हा कळेल.

रात्रीचं जागरण बंद. दिवसभर शिकलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो. दोनपर्यंत जागून जे उतरवलंस त्यातलं बरंचसं त्यामुळेच हातचं गेलं असणार. अकराला दिवा बंद, पहाटे उठून आदल्या दिवशीची आकृती न बघता काढायची. आधी लाल फुल्या पडलेल्या, मग नवीन.

बॅकचा फॉर्म भरायची तारीख नोटीस बोर्डावर लागते, येता-जाता बघत राहा. त्याची वेगळी फी भरावी लागते. ती दादाकडेच मागावी लागेल, आणि ती पुस्तकांच्या नावाखाली मागू नकोस. कशाची फी आहे ते सांगून माग.