साक्षीदार सॅन होजेत, मूळ कागद शिवाजीनगरात

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा काल रात्रीचा मेसेज वाचला. मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही केलेले आजोबा मुलीकडे सॅन होजेला जाऊन राहिलेत, आणि समोरचे वकील म्हणतात, साक्ष व्हिडिओवर नको, साक्षीदार पिंजऱ्यातच उभा राहिला पाहिजे. म्हणू देत. हा वाद 2003 सालीच मिटलाय. महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई हा निकाल काढ आणि नुसती हेडनोट, म्हणजे वरचा सारांश, नको, पूर्ण वाच. न्यूयॉर्कचे एक डॉक्टर साक्ष द्यायला राजी होते, इकडे यायला नव्हते. खालच्या कोर्टाने व्हिडिओवर साक्ष घ्यायची परवानगी दिली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दिली. आरोपीच्या समक्ष पुरावा म्हणजे सगळे एकाच खोलीत हवेत, असं नाही. आणि ते फौजदारी प्रकरण होतं, तुझा तर दिवाणी दावा.

तेव्हा परवानगीची काळजी सोड. मला धास्ती आहे ती त्यानंतरची.

अर्जात तू ‘साक्षीदार वयोवृद्ध व परदेशी आहेत’ एवढंच लिहिलंयस. तिकडे त्यांच्याजवळ कोण बसणार? व्हिडिओ कॉन्फरन्सिंगच्या नियमांप्रमाणे साक्षीदाराच्या टोकालाही समन्वयक लागतो, परदेशात तो भारतीय वकिलातीतला अधिकारी. आजोबांना जवळची वकिलात सॅन फ्रान्सिस्कोची. हा नियम उगाच नाही. एकदा माझ्या उलटतपासणीत साक्षीदार दर उत्तराआधी डावीकडे बघायचा. कॅमेरा खोलीभर फिरवायला लावला, तर सोफ्यावर भाचा कागद घेऊन बसलेला!

वेळेचंही बघ. आपल्याकडे दुपारी तीनला पुकारा झाला, तर उन्हाळ्यात तिकडे रात्रीचे अडीच. म्हाताऱ्या माणसाला अशा वेळी उलटतपासणीला बसवायचं? सकाळी अकराचीच वेळ अर्जात मागून घे, म्हणजे तिकडे आदल्या रात्रीचे साडेदहा तरी.

खरी गोम मूळ कागदाची. मृत्युपत्र कोर्टाच्या ताब्यात. तिकडे जाणार ते स्कॅन. समोर मी असतो तर पहिलाच प्रश्न टाकला असता: ‘आजोबा, पडद्यावरची ही सही तुमचीच, हे कशावरून ओळखलंत?’ शाई, पेनाचा दाब, कागदाची घडी, यातलं काहीच त्यांच्या हाताखाली नाही. ते क्षणभर अडखळतील, आणि न्यायाधीशांना तो अडखळा शंकेचा होता की इंटरनेटचा, हे कळायला मार्ग नाही. साक्षीदाराचं वागणं टिपून ठेवायचा अधिकार कोर्टाला आहे, पण पडद्यावर बहुधा गळ्याच्या वरचंच दिसतं. घाबरलेला माणूस हातांनी कळतो, हे मी शिवाजीनगरच्या कोर्टात शिकलो.

म्हणून माझं मत विचारशील तर डॉक्टर, बँकेचा अधिकारी, पंच यांना खुशाल व्हिडिओवर घे. मृत्युपत्राच्या साक्षीदाराला मात्र जमेल तोवर समोर उभा कर.

आणि एक गोष्ट तुझ्या नजरेतून सुटलीच. मृत्युपत्राला निदान दोन साक्षीदार लागतात. शाबित करायला त्यातल्या एकाची साक्ष पुरते. मेसेजमध्ये दुसऱ्याचा उल्लेखच नाही. मृत्युपत्राचं शेवटचं पान काढ, दुसरी सही कुणाची ते बघ आणि ते गृहस्थ हयात आहेत का, याची आजच चौकशी कर. पुण्यातच सापडले तर रिक्षाचे पैसे माझ्याकडून.

तुझा,
सर