घरी बाळंतपण केल्याचे फायदे काय?

फायदा आहे, नाही असं नाही. आमच्या आजीची सगळी बाळंतपणं चोपड्याकडच्या घरातच झाली, सुईण पाठ चोळत बसायची, आजी कळा येतील तशी ओसरीत फिरायची, कोणी आडवं पडून रहा म्हणून ओरडायचं नाही आणि बाळ लगेच कुशीत. पण खरं सांगू का, वार (बाळाची नाळ जिला जोडलेली असते ती) पडल्यावर रक्त थांबलं नाही तर घरी ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन कोण देणार? सातपुड्यातल्या पाड्यावरून गाडी यायलाच वेळ लागतो. पहिलटकरीण, जुळं, बीपी, आधीचं सिझर असेल तर घरी नकोच. सरकारी दवाखान्यात २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात डिलिव्हरी, सिझरसुद्धा फुकट आहे, गाडीसाठी १०२ ला फोन लावा. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू नंतर घरीच करा की.