जुन्या काळातल्या मुलींच्या बोर्डिंगवरच्या सिनेमात सगळ्या जातींच्या, सावळ्या-काळ्या मुली दाखवणं म्हणजे इतिहासाची मोडतोड नाही का?

कुठलं बोर्डिंग आणि कुठलं साल, ते आधी ठरवा. १८८९ सालचं शारदा सदन म्हणत असाल, तर पंडिता रमाबाईंनी ते मुंबईत काढलं तेच मुळी उच्चवर्णीय विधवांसाठी, आणि तिथे त्यांना आपल्या जातीचे खाण्यापिण्याचे नियम पाळायची मुभा होती. पण १८९७ घेतलंत तर चित्रच वेगळं. मध्य प्रांतातल्या दुष्काळातून रमाबाईंनी शेकडो मुली आणल्या. केडगावला त्यांच्या मुक्ती सदनात नाना जातींच्या मुली एका आवारात राहिल्या. पुढे गुजरातच्या दुष्काळातल्याही आल्या. म्हणजे मोडतोड कुठली म्हणायची? सगळ्या गोऱ्या आणि झाडून सगळ्या सदाशिव पेठी मराठी बोलणाऱ्या, ही.

हे इतकं तावातावाने लिहितेय कारण अकरा वर्षांपूर्वी अशाच एका सिनेमाला मी कॉस्च्युममध्ये असिस्टंट होते. काळ १८९८, शाळा काल्पनिक. बावीस ज्युनियर आर्टिस्ट मुली. त्यांचे परकर-पोलके मी चहाच्या पाण्यात बुडवून जुने केले होते, हाताला आठवडाभर वास. त्यातली एक मुलगी चांगलीच सावळी. पहिल्या दिवशी प्रार्थनेचा सीन होता. मेकअपवाल्याने तिला दोन शेड उजळ केलं. गळ्यापर्यंत गोरी, मनगटं तिची स्वतःची. पोलक्याच्या गळ्याला तो रंग लागला आणि रात्री घासत बसले मी. एवढं करूनही तिला तिसऱ्या रांगेत ढकललं, का तर ‘नजर तिकडेच जाते’.

चौथ्या दिवशी विहिरीवर भांडी घासायचा सीन. तीच मुलगी सगळ्यात पुढे, आणि मेकअप पुसून! तिथे बरोब्बर इतिहास आठवला.

मी दिग्दर्शकाला केडगावचं सांगितलं. तो म्हणाला, “अगं, पीरियड आहे, आणि आपली शाळा काल्पनिक आहे.” मग काल्पनिक आहे तर इतिहासाचं कारण कशाला देतोस? हे मला त्याच रात्री लोकलमध्ये सुचलं. उपयोग काय. म्हणून आज इथे लिहितेय.

आता तुम्हाला न आवडणारी दुसरी बाजू, खरं तर मलाही न आवडणारी. सगळ्या जातींच्या मुली एका पंगतीत खिदळत जेवताहेत असं दाखवणारा सिनेमाही तितकाच खोटा. १८९३ साली, शारदा सदनातल्या मुली रमाबाईंच्या ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात एवढी बोंब झाली तर पालकांनी मुली काढून नेल्या होत्या. तेव्हा सिनेमा करायचाच असेल तर कोण कुणाच्या हातचं खात नाही ते दाखवा, कोण कुणाच्या शेजारी अंथरूण घालत नाही ते दाखवा. भांडण तिथे आहे. हिंदी बोलणारी मुलगी मराठीच्या तासाला गप्प बसते, तेही. नुसता रंग मिसळून चालत नाही, वाक्य कुणाला मिळतं ते मोजा. आमच्या सिनेमात बावीसपैकी पाच जणींना होतं. कुणाला, ते सांगत बसत नाही.

आणि ‘त्या काळी अशा मुली कुठे बोलायच्या’ हे तर कुणी म्हणूच नये. मांग समाजातल्या मुक्ता साळवेचा निबंध १८५५ साली ज्ञानोदयात छापून आला. ती फुल्यांच्या शाळेतली, बोर्डिंगमधली नव्हे, हे कबूल.

एक सांगायचं राहिलं: मी कपडे सांभाळणारी, इतिहास शिकलेली नाही. तो दिग्दर्शकही वाईट माणूस नव्हता. पैसे संपत आले होते, विग भाड्याचे होते, तिसऱ्या रांगेचा विचार करायला त्याला वेळ नव्हता. पण पहिल्या रांगेचा होता.

सिनेमात ती मुलगी तीनदा दिसते, तिन्ही वेळा पाठमोरी. परकरावरून ओळखली. चहात तोच जरा जास्त वेळ राहिला होता.