ताप कितव्या दिवसाचा? वाचकांचे प्रश्न, फॅमिली डॉक्टरची उत्तरं

यावेळी पावसाळ्यामुळे तापाची पत्रं जास्त आलीत म्हणून तापापासूनच सुरुवात करते. प्रत्येक पत्रासोबत रिपोर्टचे फोटो आहेत, पण आजार कधी सुरू झाला, आधी काय झालं आणि मग काय, हे फार थोड्या जणांनी लिहिलंय. मला खरं तर तेच आधी हवं असतं.

प्रश्न : माझ्या मुलाला (वय 24) ताप आला, त्याच दिवशी लॅबमध्ये जाऊन फीवर प्रोफाइल केलं. विडाल (टायफॉइडची टेस्ट) पॉझिटिव्ह आणि डेंग्यू निगेटिव्ह आलं म्हणून टायफॉइडची इंजेक्शनं सुरू झाली. पाचव्या दिवशी ताप उतरला पण प्लेटलेट 70 हजार. आता सगळे म्हणतायत प्लेटलेट चढवा, पपईच्या पानांचा रस द्या. नक्की झालंय काय? – एक वाचक, कोल्हापूर

ताई, तुम्ही पाठवलेला पहिल्या दिवसाचा रिपोर्ट बघितला, त्यात डेंग्यूची फक्त आयजीएम-आयजीजी टेस्ट केलीय. आयजीएम म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेल्या अँटिबॉडीज, त्या साधारण पाचव्या दिवसाच्या आसपास दिसायला लागतात, मग पहिल्या दिवशी ती टेस्ट निगेटिव्ह येणारच ना, त्या निगेटिव्हला काही अर्थ नव्हता. पहिल्या चार-पाच दिवसांत एनएस1 करायची असते, ती थेट विषाणूचंच प्रोटीन शोधते. विडालचं बरोबर उलटं. पूर्वी कधी टायफॉइड होऊन गेला असेल, लस घेतली असेल किंवा दुसराच कुठला ताप असेल तरी विडाल पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि खऱ्या टायफॉइडमध्ये पहिल्या आठवड्यात ती निगेटिव्हही असू शकते. एकट्या विडालवर टायफॉइड ठरवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. टायफॉइडची शंका असेल तर अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी ब्लड कल्चर घ्यावं, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायचे. पैसे जास्त लागतात, रिपोर्टला दोन-तीन दिवस जातात, पण उत्तर खरं मिळतं.

सगळं बघता मुलाला डेंग्यू असण्याची शक्यता जास्त वाटते, आता आयजीएम परत करून घ्या. आणि कृपा करून एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगा, डेंग्यूत ताप उतरला म्हणजे धोका टळला असं नसतं, ताप उतरल्यानंतरचे 24 ते 48 तासच सगळ्यात जपायचे असतात. त्या वेळात रक्तवाहिन्यांमधून पाणी बाहेर झिरपतं, रक्त घट्ट होतं आणि बीपी खाली जाऊ शकतं. माणसं प्लेटलेटचा आकडा बघत बसतात आणि हे निसटून जातं. म्हणून डॉक्टर प्लेटलेटसोबत हिमॅटोक्रिटही (रक्तात लाल पेशींचा भाग किती टक्के ते) बघतात, तो आकडा वर चढत असेल तर ते काळजीचं. पोटात जोरात दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यातून किंवा नाकातून रक्त, काळी शी, हातपाय गार पडणं, खूप गुंगी किंवा बेचैनी, सहा-सहा तास लघवी न होणं, यातलं एक जरी दिसलं तर सकाळची वाट बघू नका, रात्री दोन वाजता का असेना, हॉस्पिटल गाठा.

70 हजारला प्लेटलेट चढवायची गरज नाही. रक्तस्राव नसेल तर साधारण 10 हजारांच्या खाली गेल्यावरच तो विचार होतो, आणि बहुतेकांच्या प्लेटलेट आठवड्याभराने आपोआप वाढायला लागतात. मग त्या वेळी जो रस किंवा जे फळ चालू असतं त्याला श्रेय मिळतं. पपईचा रस कडू असतो, आधीच मळमळणाऱ्या पोराला त्याने उलटी झाली तर पोटातलं पाणीही जातं, मी देत नाही. ओआरएस, ताक, भाताची पेज, नारळपाणी जे जाईल ते थोडं थोडं देत राहा. ताप-अंगदुखीला फक्त पॅरासिटामॉल, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचं अंतर. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन अजिबात नको, त्याने रक्तस्राव वाढतो. मेडिकलमधून आणलेल्या अंगदुखीच्या गोळीत बऱ्याचदा पॅरासिटामॉलसोबत यातलंच एखादं असतं, तेव्हा पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा.

आणि यापुढे कुणालाही ताप आला की कॅलेंडरवर पहिल्या दिवशी खूण करा. डॉक्टरला "दोन-चार दिवस झाले असतील" सांगू नका, आज तिसरा दिवस की पाचवा यावर कोणती टेस्ट करायची ते ठरतं.

प्रश्न : सोसायटीच्या शिबिरात माझं बीपी 152/96 आलं, घरच्या मशीनवर 128/80 च्या आसपास असतं. वय 46, शिक्षिका आहे. गोळी सुरू करू का? सासूबाई म्हणतात एकदा लागली की जन्माची लागते. – एक वाचक, नाशिक

शिबिरात जिना चढून गेलात, रांगेत उभं राहिलात, बोलता बोलता पट्टा बांधला असेल, त्या एका आकड्यावर मी गोळी देणार नाही पण तो विसरूनही जाणार नाही. घरी असं करा, मोजायच्या आधी अर्धा तास चहा नको, लघवी करून या, खुर्चीला पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. पट्टा दंडावरचा हवा, मनगटावरची मशीन नको, आणि दंड जाड असेल तर मोठा पट्टा घ्या, लहान पट्ट्याने बीपी उगाच जास्त दिसतं. सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी 135/85 किंवा वर असेल तर ते बीपी, दवाखान्यात मात्र 140/90 धरतात. तुमची सरासरी खाली आली तर फक्त डॉक्टर किंवा गर्दी बघून चढणारं बीपी आहे, त्याला लगेच गोळी लागत नाही पण अशांना पुढे खरं बीपी होण्याची शक्यता जास्त असते, म्हणून दर काही महिन्यांनी हेच परत करायचं.

मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, त्यात लोणचं, पापड, फरसाण, बिस्किटं सगळं आलं. सैंधव चालेल का असं बऱ्याच जणी विचारतात, तेही मीठच आहे. गुडघेदुखीच्या गोळ्या नेहमी घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, त्यानेही बीपी चढतं.

सासूबाईंना सांगा की गोळीची सवय लागत नाही, बीपी हा आजारच बहुतेकांना कायमचा असतो. गोळी बंद केली की आकडा परत चढतो आणि दुखत काहीच नाही, त्यातच किडनी आणि मेंदूचं नुकसान होत राहतं. मला सगळ्यात वाईट याचंच वाटतं, बरं वाटतंय म्हणून गोळी सोडलेला माणूस एकदम लकवा घेऊन येतो.

प्रश्न : वय 38. एचबीए1सी (तीनेक महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी टेस्ट) 6.6 आलं, लॅबवाले म्हणाले शुगर झाली. उपाशीपोटी शुगर 98 आहे. हिमोग्लोबिन 8.2, पाळीत खूप जातं. रडू येतंय. – एक वाचक, लातूर

रडू नका, अजून काही ठरलेलं नाही. 6.5 ला डायबिटीस म्हणतात हे खरं, पण लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असेल तर एचबीए1सी खोटं वाढलेलं दिसू शकतं, आणि तुमची उपाशीपोटीची शुगर चांगली आहे (126 किंवा वर असती तर गोष्ट वेगळी). शिवाय तहान, वारंवार लघवी अशी लक्षणं नसताना एकाच रिपोर्टवर निदान करत नाहीत. ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करतात ती टेस्ट एकदा करून घ्या, ती 200 च्या खाली असेल तर आधी रक्ताचं बघू.

तुमचा खरा आजार मला तरी हिमोग्लोबिनमध्ये दिसतोय. 8.2 वर तुम्ही शाळा, स्वयंपाक, पाणी भरणं सगळं ओढताय आणि घरात कुणाला ते आजारपण वाटत नाही. सोनोग्राफी आणि थायरॉइड करा, पाळीत एवढं का जातंय ते स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. लोहाची गोळी चहासोबत किंवा कॅल्शियमसोबत नको, लिंबूपाण्यासोबत घ्या, शी काळी होईल त्याला घाबरू नका. हिमोग्लोबिन नॉर्मल आल्यावरही तीनेक महिने चालू ठेवायची, साठा भरायचा असतो. त्यानंतर एचबीए1सी परत करा.

प्रश्न : वडिलांना (62, डायबिटीस आहे) महिनाभर खोकला. दोन सिरप झाली, दोनदा अँटिबायोटिक झालं. – एक वाचक, ठाणे

तिसरं सिरप नको. दोन आठवड्यांच्या वर खोकला गेला की छातीचा एक्स-रे आणि बेडक्याची टीबीसाठी तपासणी, हे ठरलेलं आहे, आणि डायबिटीसवाल्यांना टीबी जास्त होतो. संध्याकाळचा ताप, वजन उतरणं नसलं तरी करा. लिव्होफ्लॉक्सॅसिनसारखं अँटिबायोटिक झालं असेल तर सांगा, त्याने टीबी काही दिवस दबतो आणि निदान लांबतं. सरकारी केंद्रात तपासणी आणि औषधं मोफत आहेत, शिवाय टीबीच्या रुग्णाला नोव्हेंबर 2024 पासून पोषणासाठी महिना 1000 रुपये खात्यात मिळतात. बीपीसाठी रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू असेल तर त्यानेही कोरडा खोकला येतो, पण टीबी नाही हे आधी बघायचं.

प्रश्न : सर्दीत पिवळा शेंबूड आला की अँटिबायोटिक लागतं ना? – एक वाचक, पणजी

नाही. साध्या सर्दीतही रंग बदलतो. दहा दिवसांनंतरही कमी नाही, किंवा बरं होऊन परत ताप आला, तर दाखवा.

प्रश्न : सासऱ्यांना (58, शुगर) शेतातला चढ चढताना छातीत गॅस धरतो, थांबलं की जातो. ईसीजी नॉर्मल आला. अ‍ॅसिडिटीचं काय औषध द्यावं? – एक वाचक, सातारा

या पत्राला अंकाची वाट न बघता मी लगेच उत्तर पाठवलंय, पण बाकीच्यांसाठी इथे लिहिते. चालल्यावर येतो आणि थांबल्यावर जातो तो गॅस नाही, हृदयाला रक्त कमी पडत असल्याची ती खूण आहे, निदान तसं नाही हे सिद्ध होईपर्यंत तेच समजायचं. बसल्या जागी काढलेला ईसीजी अशांमध्ये नॉर्मल असू शकतो. शुगरवाल्यांना तर कधी कधी दुखतही नाही, नुसता दम लागतो किंवा घाम फुटतो. हृदयरोगतज्ज्ञांकडे याच आठवड्यात न्या, तोपर्यंत चढ आणि ओझं बंद. आणि दुखणं बसल्यावरही थांबलं नाही, जबड्यात किंवा हातात गेलं, घाम आला तर मोटरसायकलवर मधे बसवून नेऊ नका, 108 ला फोन करा. शेजाऱ्याच्या घरातली जिभेखालची गोळी बीपी न बघता देऊ नका, बीपी एकदम कोसळू शकतं.