विचारा तर खरं : व्हिडिओ गेमच्या माहितीपटाला नाव देताना

या वेळी कोकण किनाऱ्यावरून आलेले प्रश्न एकाच विषयाभोवती फिरतायत. व्हिडिओ गेमच्या इतिहासावर माहितीपट केलाय किंवा करायला घेतलाय, पण नाव सुचत नाही. किंवा सुचलंय, पण ते लावायचा धीर होत नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लांबलंय, कारण पुढच्या बऱ्याच प्रश्नांचं मूळ तिथेच आहे.

आम्ही तिघं मिळून 50 मिनिटांचा माहितीपट करतोय. पहिली दहा मिनिटं जगाचा इतिहास, उरलेली चाळीस आपल्याकडची : एसटी स्टँडजवळची पार्लरं, जत्रेतले तंबू, गणपतीला चाकरमान्यांनी आणलेले टीव्ही गेम. चार नावं काढली आहेत : 'पाँग ते पब्जी', 'गेम ओव्हर', 'खेळ मांडला' आणि 'एका रुपयात तीन लाइफ'. मला चौथं आवडतं, बाकी दोघांना ते पोरकट वाटतं. कसं ठरवायचं? (वाचक, देवगड)

चौथं घ्या. आधीची तीन का नकोत ते पाहू.

'पाँग ते पब्जी' हे निबंधाच्या वहीतलं नाव आहे. असं नाव वाचलं की प्रेक्षक सबंध प्रवासाची अपेक्षा धरून बसतो. पाँग हा टेनिससारखा खेळ 1972 चा, पब्जी 2017 चा. मधल्या 45 वर्षांत 1983 ची अमेरिकी गेम बाजाराची पडझड, त्याच वर्षी जपानात आलेला निन्टेंडोचा फॅमिकॉम हा टीव्हीला जोडायचा कन्सोल, घरचे कॉम्प्युटर, सायबर कॅफे, मोबाइल एवढं सगळं येतं, आणि तुमच्याकडे त्याला दहा मिनिटं आहेत. पाँगपासून सुरुवात करण्यातही वाद आहे. जाणकार प्रेक्षक लगेच 1958 चा ऑसिलोस्कोपवरचा (विजेचे संकेत पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावरचा) टेनिसचा खेळ काढेल, दुसरा 1962 चा एमआयटीतला 'स्पेसवॉर', तिसरा 1952 चा केंब्रिजमधला फुली-गोळा. मॅग्नावॉक्सचा 'ओडिसी' हा घरगुती कन्सोलही पाँगच्या काही महिने आधी विक्रीला आला होता, आणि त्यातल्या टेनिसवरून पाँगच्या कंपनीवर, म्हणजे अटारीवर, दावा झाला होता. तेव्हा 'पहिला', 'सुरुवात', 'जन्म' असले शब्द नावात आणि पोटशीर्षकात टाळलेले बरे. फिल्म संपल्यावरच्या चर्चेचा निम्मा वेळ त्यातच जाईल.

'गेम ओव्हर' या नावाचा तमिळ-तेलुगू चित्रपट 2019 मध्ये येऊन गेला. 'हाय स्कोअर' नावाची व्हिडिओ गेमवरचीच मालिका 2020 मध्ये आली, 'इन्सर्ट कॉइन' हा माहितीपटही त्याच वर्षीचा. कारण उघड आहे. पडद्यावर दिसणारे शब्द जगभर तेच, म्हणून सगळ्यांना तेच सुचतात. पडद्यासमोर उभी असलेली पोरं काय बोलत होती, ते मात्र फक्त तुमच्या मुलाखतींत आहे. 'खेळ मांडला' मराठी आहे खरं, पण ते ऐकलं की कानात 'नटरंग'मधलं गाणं वाजतं. शोधलं तरी पानंच्या पानं तेच येणार. शिवाय सिंधुदुर्गात खेळ म्हटला की माणूस आधी दशावताराकडे जातो.

आता चौथं. किंमत, आकडा आणि पार्लरमधला रोजचा शब्द, सगळं चार शब्दांत बसलंय. एक रुपया म्हटल्यावर काळ वेगळा सांगावा लागत नाही. पण एक गोष्ट तपासून घ्या : तीन लाइफ खरंच मिळायच्या का? पार्लरच्या मशिनमधल्या बोर्डावर छोट्या स्विचांची पट्टी असते, तिला डिप स्विच म्हणतात. एका नाण्यात किती लाइफ द्यायच्या, हे मालक त्यावरून ठरवतो. पॅक-मॅनच्या बोर्डावर 1, 2, 3 किंवा 5 असे पर्याय आहेत. गल्ला वाढवायचा म्हणून एखादी लाइफ कमी करणं मालकाच्या हातात होतं. काही ठिकाणी नाण्याऐवजी टोकन चालायचं. जिथे टीव्हीला गेम जोडून अर्ध्या तासाच्या हिशेबाने पैसे घेत, तिथे तर हे नावच लागू पडत नाही. म्हणून मुलाखती लिहून काढा, आणि न विचारता निदान दोघांच्या तोंडी आलेले शब्द पेन्सिलने अधोरेखित करा. बहुतेक जण 'दोन लाइफ' म्हणत असतील तर नावात दोनच घाला. आकडा बदलल्याने नाव पडत नाही. पहिल्याच प्रयोगाला मागच्या रांगेतून कुणी 'तीन कुठे, दोनच मिळायच्या' म्हणालं, तर मात्र पडतं. कदाचित त्याच उतरवलेल्या कागदांत याहून चांगलं नाव सापडेल. 'स्टेज', 'बॉस', 'टोकन' या शब्दांच्या आसपास बघा.

मग कानाची परीक्षा. फिल्मची काही माहिती नसलेल्या आठ-दहा जणांना फोनवर नाव एकदाच सांगा, आणि दुसऱ्या दिवशी विचारा. ज्यांना आठवतं त्यांनी ते कसं उच्चारलं, कुठला शब्द गाळला, हे टिपून ठेवा. सगळ्यांनी एकच शब्द गाळला असेल तर तो बहुधा जास्तीचा आहे. दुसरी परीक्षा आपल्याकडची : रिक्षाच्या भोंग्यावरून 'आज संध्याकाळी सात वाजता देवळाच्या सभामंडपात' याच्या पुढे ते नाव म्हणून बघा. गाडी वळणावर जाईपर्यंत नाव पुरं झालं पाहिजे.

पोरकटपणाचं म्हणाल, तर ते पोटशीर्षकाने सावरतं : 'कोकणातल्या व्हिडिओ गेम पार्लरांची गोष्ट'. वरची ओळ ओढून घेते, खालची विषय सांगते. दोन्ही कामं एकाच ओळीवर टाकली की नाव सरकारी योजनेसारखं लांबतं.

नावात 'मारिओ' किंवा 'कॉन्ट्रा' घातलं तर चालेल का? आमच्याकडे सगळे 'मुस्तफा'च खेळायचे, ते चालेल? (वाचक, रत्नागिरी)

'मारिओ' निन्टेंडोचा, 'कॉन्ट्रा' कोनामीचा. माहितीपटात या खेळांबद्दल बोलणं वेगळं आणि त्यांचं नाव पोस्टरवर सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापणं वेगळं. दुसऱ्यात ही फिल्म त्या कंपनीचीच आहे असा समज होऊ शकतो, आणि व्यापारचिन्हाचा (ट्रेडमार्कचा) तंटा तिथेच उभा राहतो. खेळाचं नाव फिल्मच्या आत, निवेदनात आणि फार तर वर्णनात ठेवा. खेळाचा मूळ लोगो पोस्टरवर जसाच्या तसा चिकटवू नका.

'मुस्तफा'ची गंमत वेगळी आहे. त्या खेळाचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स', कॅपकॉमचा, 1993 चा. त्यातल्या चार खेळाडूंपैकी एकाचं नाव मुस्तफा, आणि आपल्याकडे अख्खा खेळच त्याच्या नावाने ओळखला गेला. नाव म्हणून ते अस्सल आहे, कारण ते पार्लरवाल्या पोरांनी दिलेलं आहे. पण नुसतं 'मुस्तफा' ठेवलंत तर बाहेरच्याला ते कुणाचं तरी चरित्र वाटेल, आणि शोधताना त्या नावाची शेकडो माणसं समोर येतील. 'मुस्तफा कोण खेळतंय?' असं काही केलंत तर दोन्ही अडचणी बऱ्याच कमी होतात.

नाव मालवणीत ठेवलं तर मुंबई-पुण्यात अडेल का? आणि इंग्रजी नावाचं काय करायचं? (वाचक, कुडाळ)

वरचंच नाव घ्या. 'एका रुपयात'च्या जागी 'एका रुपयाक' केलं तर पुण्यातल्याला अडायचं कारण नाही. मात्र कॅमेऱ्यासमोर कुणी तरी तसं बोललेलं असावं. फिल्म प्रमाण मराठीत आणि नाव तेवढं मालवणीत, हे पाटीवर रंग चढवल्यासारखं दिसतं. शोधणारे 'रुपयात' असंच टाइप करतील, म्हणून ते रूप वर्णनात असू द्या.

महोत्सवांच्या अर्जात मूळ नाव रोमन अक्षरांत आणि वेगळं इंग्रजी नाव, असं दोन्ही मागतात. रोमन स्पेलिंग एकदाच ठरवा आणि पोस्टर, फाइलचं नाव, अर्ज, ऑनलाइन पान सगळीकडे तेच ठेवा. 'रुपयात' हा शब्द रोमनमध्ये तीन माणसं तीन तऱ्हांनी लिहितात, आणि मग एकाच फिल्मच्या तीन नोंदी होतात. यूट्यूबवर शीर्षकाला 100 चिन्हांची मर्यादा आहे. देवनागरीत काना-मात्रा वेगळी मोजली जाते, म्हणून 'रुपयात' डोळ्यांना चार अक्षरं दिसला तरी सहा चिन्हं खातो. मोबाइलवर सुरुवातीचाच भाग दिसतो, तेव्हा मुख्य नाव आधी, पोटशीर्षक नंतर.

नावाची पाटी बनवताना एडिटिंगमध्ये जोडाक्षरं फुटतात. जुन्या गेमसारखी चौकोनी ठिपक्यांची अक्षरं हवी होती, तीही वाचता येत नाहीत. (वाचक, मालवण)

प्रीमियर किंवा आफ्टर इफेक्ट्स वापरत असाल तर प्रेफरन्सेसमध्ये टेक्स्ट इंजिनचा पर्याय दिसत असेल तर तो 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' करा. तरीही जुनी टेक्स्ट लेयर फुटकीच दिसली तर ती पुसून नवीन घ्या. दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरने दादच दिली नाही, तर पाटी इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवा, अक्षरांचं पाथमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत, रूपांतर करा आणि पारदर्शक पार्श्वभूमीचं पीएनजी 3840 × 2160 मध्ये काढून टाइमलाइनवर ठेवा. एवढं करून पाथची एक प्रत जपून ठेवा, पोस्टरला तीच लागेल.

फॉन्ट निवडताना 'दऱ्या, दर्या, लाइफ, शीर्षक, श्री' एवढं टाइप करून बघा. 'दऱ्या'तला अर्धचंद्री र आला नाही तर तो फॉन्ट सोडा. ल आणि श हिंदी वळणाचे येत असतील तर मजकुराची भाषा मराठी निवडून पाहा. काही फॉन्टांत मराठी वळण आत असतं, पण भाषा सांगितल्याशिवाय बाहेर येत नाही. 'टिरो देवनागरी मराठी' हा फॉन्ट मुळातच मराठी वळणाचा आहे आणि मुक्त परवान्याचा, म्हणजे पैसे न देता वापरता येतो.

ठिपक्यांच्या अक्षरांचं दुखणं मुळातलं आहे. जुने गेम 8 × 8 ठिपक्यांच्या चौकटींवर उभे होते. रोमन अक्षर त्यात मावतं. देवनागरीला शिरोरेषा, वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार, एवढी जागा लागते. उंचीला किमान 16 ठिपके धरा : वर चार, शिरोरेषेसह अक्षराला नऊ, खाली तीन. 'रुपयात'मधला रु सगळ्यात आधी काढा. तो वाचता आला तर बाकीचं जमतं. पोटशीर्षक मात्र साध्या अक्षरांतच ठेवा. 1920 × 1080 च्या चौकटीत डावी-उजवीकडे 192 आणि वर-खाली 108 पिक्सेल मोकळे सोडा, नाही तर जुन्या प्रोजेक्टरवर वेलांट्या कापल्या जातात.

निर्मात्यांच्या संघटनेकडे नाव नोंदवलं की ते आपलं झालं ना? (वाचक, चिपळूण)

नाही. ती नोंदणी संघटनेच्या सभासदांपुरती. बाहेरच्याला ती बांधत नाही. नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये 'देसी बॉइज'च्या प्रकरणात स्पष्ट केलं. हवं तर व्यापारचिन्ह घ्यावं लागतं : मनोरंजनाचा वर्ग 41, एका व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाला 4,500 रुपये. गावोगाव दाखवायच्या माहितीपटासाठी एवढा खर्च करावा असं आम्हाला वाटत नाही. तेवढ्या पैशांत एखादा प्रयोग होतो. व्यापारचिन्ह कार्यालयाच्या संकेतस्थळावर नावाचा शोध फुकट घेता येतो, तो मात्र चुकवू नका. सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर शीर्षक छापलेलं असतं, आणि नंतर बदलायचं तर पुन्हा अर्ज आलाच. नाव पक्कं झाल्यावरच तिकडे जा.

नावाची पाटी जुन्या टीव्हीच्या पडद्यावर दाखवून शूट करायचीय. काळे पट्टे फिरतात. (वाचक, वेंगुर्ला)

कॅमेरा 25 फ्रेमवर, शटर 1/50. पट्टे तरीही सरकत असतील तर गेमचा डबा 60 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 60 वेळा चित्र बदलणारा, आहे. मग 30 फ्रेम आणि 1/60. शटर ऑटोवर ठेवू नका. पडद्यावर इंद्रधनुषी जाळी दिसली तर कॅमेरा थोडा मागे घ्या किंवा फोकस किंचित ढिला करा. खोलीतले दिवे बंद, लेन्सच्या मागे काळं कापड, म्हणजे काचेत तुम्ही दिसणार नाही.

पाटी पडद्यावर आणायला पिवळी एव्ही वायर वापरा. अँटेनाच्या भोकातून जोडलं तर मुंग्या येतात आणि रु पुन्हा वाचता येत नाही. खाऱ्या हवेत पडून राहिलेला सेट असेल तर आधी पिना पुसून घ्या आणि शूटच्या अर्धा तास आधी चालू करून ठेवा. चित्र एका बाजूला ओढलं जात असेल तर मागचं झाकण स्वतः उघडू नका. बंद केल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा भार राहू शकतो. ते काम टीव्ही दुरुस्तीवाल्याचं.